भरवसा ठेवून परत फिरा

(उपवासकाळात जवळा बाजार येथे झालेल्या एक दिवसाच्या तपसाधनेत दिलेले भाषण)





हळद काढणीचे दिवस आहेत. रानात कुकर पेटलेत, शिजवलेली हळद वाळत पडली आहे. ती कामं बाजूला ठेवून तुम्ही आज इथं आलात, त्याबद्दल आधी तुमचे आभार मानतो. आपल्यातली काही कुटुंबं मात्र आज इथं नाहीत. दिवाळीच्या सुमारास ती ऊसतोडीला गेली, ती अजून परतलेली नाहीत. त्यांची आठवण ठेवून मी सुरुवात करतो. कारण आज जे सांगायचं आहे, ते मला उसाच्या फडातच उमगलं.

फादरांनी मला विषय दिला : देवाची दया आणि आपला पश्चात्ताप. मी धर्मगुरू नाही. माझी तीस वर्षं मिशनच्या बोर्डिंगांत आदिवासी मुलं सांभाळण्यात गेली. लोक मला मास्तर म्हणतात. तेव्हा मास्तराच्या भाषेतच बोलेन.

मागच्या महिन्यात एका वाडीवर प्रार्थना झाल्यावर एक म्हातारी मावशी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मास्तर, देव समद्यायला माफ करतो म्हणता. पर एखादं पाप असं बी असंल का, जे त्याच्याच्यानं बी माफ व्हत नसंल?" मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. देवाची दया अमर्याद आहे, असं आपण सगळेच सांगतो तसं सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिचा चेहरा जसा होता तसाच राहिला. घरी आल्यावर मला वाटलं, तिनं धर्मशिक्षणातला प्रश्न विचारलाच नव्हता. ती स्वतःबद्दल विचारत होती. त्या मावशीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज देतो.

आधी शुभवर्तमानातली दोन माणसं आठवा. प्रभूला पकडून नेलं त्या एकाच रात्री दोन शिष्यांनी त्याचा घात केला. यहूदानं तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिलं. पेत्रानं अंगणात शेकोटीपाशी, एका दासीच्या प्रश्नाला घाबरून, त्याला ओळखतच नाही म्हणून तीन वेळा सांगितलं. पुढे काय झालं? दोघांनाही पश्चात्ताप झाला. आपण यहूदाला पाषाणहृदयी समजतो, पण तसं नव्हतं. त्यानं आपलं पाप तोंडानं कबूल केलं. निरपराध माणसाला धरून दिलं हे तो याजकांना सांगून आला. पैसेही परत केले, मंदिरात फेकून दिले. हिशेबानं पाहिलं तर पेत्रापेक्षा त्यानंच जास्त केलं. पेत्र तर नुसता बाहेर जाऊन रडला.

मग फरक कुठं पडला? यहूदा आपलं पाप घेऊन याजकांकडे गेला, आणि त्यांनी त्याला सांगितलं की ते तुझं तू बघ. येशूकडे मात्र तो गेला नाही. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांना सोडून गेला नाही. पुढे सरोवराच्या काठावर प्रभू उभा दिसला तेव्हा त्यानं होडीतून पाण्यात उडी टाकली आणि तो त्याच्याकडे गेला. यहूदाचा पश्चात्ताप खोटा नव्हता. त्याच्याकडे भरवसा नव्हता. ज्याच्याकडे तोंड घेऊन जायला हवं होतं, त्याच्याकडेच तो गेला नाही. भरवशावाचून नुसता पश्चात्ताप असला की तो माणसाला आतून कुरतडत राहतो. उभा करत नाही.

हे मी कशावरून सांगतो? माझ्यावरून सांगतो. आता जे सांगणार आहे त्यासाठी त्या माणसाची परवानगी मी घेतली आहे. त्याचं नाव मात्र घेणार नाही.

साधारण सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका बोर्डिंगाचा अधीक्षक होतो. एका महिन्याला हिशेब लावताना पेटीत सहाशे रुपये कमी भरले. त्या काळात ती लहान रक्कम नव्हती. मी मुलांच्या ट्रंका तपासल्या. आठवीतल्या एका आंध समाजाच्या मुलाच्या ट्रंकेत, कपड्यांच्या घडीत, दोनशे रुपये सापडले. "कुठून आणलेस?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बापानं ठिवायला देले." कारखान्याच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतले दोनशे रुपये बाप मुलाजवळ ठेवून ऊसतोडीला गेला होता, हे मला खरं वाटलं नाही. उरलेले चारशे कुठं आहेत, म्हणून मी विचारत राहिलो. तो गप्प झाला. त्याच्या गप्प राहण्याला मी कबुली समजलो. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सगळ्या मुलांसमोर त्याला छडीनं मारलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक त्याच्या डोक्यावर देऊन घरी पाठवलं. त्याचे दोनशे रुपयेही ठेवून घेतले.

दोन महिन्यांनी किराणा दुकानदाराकडे बिल चुकतं करायला गेलो. तो म्हणाला, "मास्तर, सहाशे तुम्ही आधीच देऊन गेलात की." त्यानं वही दाखवली. माझीच सही होती. मी पैसे दिले होते आणि आमच्या वहीत लिहायला विसरलो होतो. चोरी झालीच नव्हती.

बंधुभगिनींनो, आपण औंढा तालुक्यात बसलो आहोत, म्हणून एक गोष्ट आठवते. आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे संत नामदेव. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं, ही कथा इथल्या लेकराबाळांनाही पाठ आहे. नामदेवांना ते लागलं. पण ते घरी बसले नाहीत. ते गुरूच्या शोधात निघाले आणि इथं औंढ्याला विसोबा खेचरांपाशी आले. त्या किराणा दुकानात माझ्याही डोक्यावर थापटणं पडलं होतं. माझंही मडकं कच्चं निघालं होतं. पण मी कुठंही निघालो नाही. मुलाचे आईबाप आता कुठल्या जिल्ह्यात असतील, पोरानंही कोयता धरला असेल, शाळा तर सुटलीच, आता सांगून काय होणार, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण एकच होतं. शंभर मुलांसमोर 'मी चुकलो' म्हणायची मला लाज वाटली.

चौदा वर्षं मी हे लपवलं. या चौदा वर्षांत मी पवित्र मिस्साला जात होतो, मुलांना पापनिवेदनाची तयारी शिकवत होतो, स्वतःही पापनिवेदन करत होतो. रागावलो, खोटं बोललो, प्रार्थना चुकवली, अशी लहान लहान पापं सांगायचो. हे एक मागे ठेवायचो. ख्रिस्तसभेची शिकवण मला ठाऊक होती. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर ते पापनिवेदन निष्फळ ठरतं, हे मीच मुलांना शिकवत होतो. तरी माझ्या मनात एक हट्ट बसला होता : हे पाप सांगण्यासारखं नाही. एका गरिबाच्या लेकराची शाळा मी बुडवली, देव हे कसं माफ करेल?

ऐकायला ही मोठी नम्रता वाटते. पण तो अहंकारच होता. माझं पाप देवाच्या दयेपेक्षा मोठं आहे असं मी म्हणत होतो. म्हणजे निकाल देणारा न्यायाधीश मीच होऊन बसलो होतो.

एका उपवासकाळात बाहेरून एक वृद्ध फादर आमच्याकडे पापनिवेदनं ऐकायला आले. त्यांना मी ओळखत नव्हतो, तेही मला ओळखत नव्हते. कदाचित म्हणूनच माझं तोंड उघडलं. सगळं ऐकून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, "हे देवाला आजच कळलं असं तुम्हाला वाटतं का?" मला रडू कोसळलं. चौदा वर्षं ज्याच्यापासून मी लपवत होतो, त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही तो रोज सकाळी मला उठवत होता, ताटात भाकरी घालत होता, माझ्या हातून इतर लेकरं वाढवत होता. मी वळायची तो वाट पाहत होता. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप पोरगा दूर असतानाच त्याला पाहतो आणि धावत जातो. दूरवरून दिसला याचा अर्थच हा की बाप रोज रस्त्याकडे बघत होता.

फादरांनी मला पापमुक्ती दिली. मग म्हणाले, "आता प्रायश्चित्त. त्या मुलाला शोधा. ज्याची अब्रू घेतली त्याची अब्रू परत करा. जसं मारलं तसं चारचौघांत सांगा."

इथं मी थोडं थांबतो, कारण आपल्यात एक गैरसमज आहे. पापनिवेदन केलं की पाटी कोरी झाली, आता काही करायला नको, असं आपल्याला वाटतं. या संस्कारात पश्चात्ताप करणाऱ्याची तीन कामं असतात. मनापासून दुःख आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, हे पहिलं. धर्मगुरूपाशी पाप उघडपणे सांगणं, हे दुसरं. सांगितलेलं प्रायश्चित्त करणं आणि झालेलं नुकसान शक्य तेवढं भरून देणं, हे तिसरं. पापमुक्तीनं पाप जातं, पण पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलं असेल तर परत द्यायचं. कुणाचं नाव खराब केलं असेल तर ते धुऊन द्यायचं. जक्कय उंबरावरून उतरला तेव्हा येशूनं त्याला आधी हिशेब विचारला नाही, थेट त्याच्या घरी उतरायला येतो म्हणाला. आणि ते ऐकून जक्कयनं स्वतःहून अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, फसवलेल्यांना चौपट द्यायला तो तयार झाला. आधी दया आली, मग हात सैल झाला. भरपाई ही दयेची किंमत नाही. दया मिळाल्याची ती खूण आहे.

त्या मुलाला शोधायला मला तीन महिने लागले. दुसऱ्या जिल्ह्यात एका कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडावर तो सापडला. आता तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. बायको मोळ्या बांधत होती. सात वर्षांची मुलगी पाचटावर बसून धाकट्या भावाला सांभाळत होती. त्यानं मला लगेच ओळखलं. कोयता खाली ठेवून उभा राहिला, चौदा वर्षांपूर्वी उभा राहिला होता तसाच. मी टोळीतल्या सगळ्यांना बोलावलं. सांगितलं, की या माणसाला मी चोर म्हणून मारलं, शाळेतून हाकललं. यानं चोरी केली नव्हती. चूक माझी होती आणि ती कळल्यावरही मी चौदा वर्षं गप्प बसलो. त्याचे दोनशे रुपये मी त्याच्या हातात दिले. वर जे काही जमवलं होतं तेही दिलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, बाप मरेपर्यंत मला चोर म्हणला. त्याला कोन सांगल आता?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. काही गोष्टी आपल्या हातानं दुरुस्त होत नाहीत. त्या देवाच्या हाती सोपवाव्या लागतात, आणि तिथं भरवसाच कामाला येतो. मी तसं म्हणालो नाही, गप्प राहिलो. शेवटी तोच म्हणाला, "माय हाय घरी. तिला सांगा."

मी त्याच्या वाडीवर गेलो. म्हातारी दारात धान्य निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "थांबा. शेजारणीला बलावते. आता पुन्यांदा सांगा." मी पुन्हा सांगितलं. शेजारीण आली, तिचा नवरा आला, आणखी चार माणसं जमली. तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा मला कळलं की क्षमा मागणं म्हणजे काय असतं. ज्याचं नुकसान झालं, त्याला हवं तेवढ्या वेळा सांगायचं असतं.

त्यानं मला क्षमा केली का? तसं त्यानं कधी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तीन वर्षांनी जून महिन्यात तो माझ्या दारात उभा राहिला. सोबत पाचवीत जाणारी ती मुलगी होती. म्हणाला, "सर, हिला तुमच्याकडं ठिवा. आमच्यासंगं फडावर फिरली तर शिकनार न्हाई." ज्या माणसानं त्याला बोर्डिंगातून हाकललं, त्याच माणसाच्या हाती त्यानं आपली लेक दिली. आज ती नर्सिंग शिकते. दयेवर मी अनेक प्रवचनं ऐकली आहेत. पण त्या दिवशी दया माझ्या दारात ट्रंक घेऊन उभी होती.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो. माफ होणार नाही असं पाप असतं का? माझी गोष्ट तुम्हाला लहान वाटत असेल, तर मोठी सांगतो. सिस्टर राणी मारिया या फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या धर्मभगिनी, मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकारांच्या पाशातून लोकांना सोडवत होत्या, बायकांचे बचत गट उभे करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून इंदूरकडे जाताना समंदर सिंह नावाच्या माणसानं इतर प्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूचे पन्नासहून अधिक वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात तो सूडाच्याच विचारात होता. त्याला पुढे करणाऱ्यांनीच आपल्याला सोडून दिलं, याचा त्याला राग होता. एक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. मग २००२ साली रक्षाबंधनाला राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या हाताला राखी बांधली. तिनं त्याला भाऊ मानलं. त्याची सुटका व्हावी म्हणून राणी मारियांच्या घरच्यांनी स्वतः विनंती केली आणि २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा त्या माउलीनं त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. त्या हातांना तिच्या लेकीचं रक्त लागलं होतं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला सिस्टर राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आलं, त्या सोहळ्याला समंदर सिंहही हजर होता.

मावशी, असं पाप माफ होऊ शकलं. एका माणसाची आई हे करू शकली. मग देव तिच्यापेक्षा कमी आहे का?

दैवी करुणेचं चित्र आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे. त्यात येशूच्या हृदयातून दोन किरण निघालेले दिसतात आणि खाली भरवशाचं एक छोटं वाक्य असतं. ज्यांच्यामुळे ती भक्ती पसरली त्या पोलंडच्या संत फाउस्टिना जेमतेम तीन वर्षं शाळेत गेल्या. मठात स्वयंपाक, बागकाम आणि दार सांभाळणं ही त्यांची कामं. १९३८ साली ३३ व्या वर्षी त्या वारल्या. ३० एप्रिल २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं आणि पुनरुत्थान सणानंतरचा रविवार दैवी करुणेचा रविवार म्हणून सगळ्या ख्रिस्तसभेला दिला. त्या चित्राखाली पश्चात्तापाचं नाही, भरवशाचं वाक्य आहे, हे ध्यानात घ्या. चित्र भिंतीवर लावायला सोपं आहे. त्या वाक्यासारखं वागणं अवघड आहे.

आणि उलटही सांगतो. देव दयाळू आहेच, मग आज करतो, उद्या माफी मागतो, असं म्हणणं हा भरवसा नव्हे. ती उधारी बुडवायची सवय आहे. आपल्या कामाला मदत करणाऱ्या बंधुभगिनींनाही हेच नम्रपणे सांगायचं आहे. तुमच्या मदतीवर ऊसतोड कामगारांची कितीतरी लेकरं शिकतात. पण दान हे पापाचं भाडं नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्या भावाकडे आधी जा, मग देणगी द्या. आणि आम्हा काम करणाऱ्यांना सांगतो : आपण गरिबांवर दया करतो असं मनात आणू नका. ते आपल्यावर किती दया करतात, ते आपल्याला कळतही नाही.

जेवणानंतर फादर पापनिवेदनासाठी बसणार आहेत. जे तुम्ही मागे ठेवलं आहे, आज तेच आधी सांगा. धर्मगुरू ते कुणालाही सांगू शकत नाही, ते त्याच्यासोबत मातीत जातं. आणि उठल्यावर घराकडे जाताना ठरवा, कुणाच्या दारात जायचं आहे. ते दार कदाचित उघडेल, कदाचित नाही. आपण जायचं.

प्रार्थना करू या. दयाळू पित्या, आमच्या पापापेक्षा तुझ्या दयेवर आमची नजर राहू दे. लपवण्याची लाज काढून घे, सांगण्याचं धैर्य दे. ज्यांचं आम्ही नुकसान केलं त्यांच्यापर्यंत आमचे पाय ने. फडावर असलेल्या आमच्या भावाबहिणींना आणि त्यांच्या लेकरांना सांभाळ. धन्य राणी मारिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.